समुद्र अंगणात यायला लागला तर: भिंतीच्या आधी वाळूचा हिशोब

माझं आजोळ मुंबईत मढच्या बाजूला, कोळीवाड्यात. मी स्वतः सिव्हिलवाला, साइटवर पंधरा वर्षं काढलेली. तिथे आमच्या मामाच्या घरासमोर काही वर्षांपूर्वी दगडी भिंत बांधली, सगळ्यांनी मागणी लावून धरली म्हणून झाली, नारळ फोडला, फोटो काढले, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीच्या मागे, म्हणजे घराच्या बाजूला, टोपलीएवढा खड्डा पडला. मी गुडघ्यावर बसून त्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. समोर लाट आपटली की आत सुस्स करून आवाज यायचा आणि लाट मागे फिरली की दगडांच्या फटीतून वाळू पाण्याबरोबर समुद्राकडे जाताना हाताला लागायची, अक्षरशः बोटांमधून. भिंत उभीच होती, जमीन मात्र तिच्या पाठीमागून निघून चालली होती. वर्षभरात मधला पंधरा फुटांचा तुकडा बसला.

तेव्हापासून जो कोणी विचारतो की आमच्याकडे समुद्र आत येतोय, भिंत कशी मागायची, त्याला मी एकच सांगतो की आधी वाळूचा हिशोब मांडा. कुठून येते, कुठे जाते, किती जाते. तो हिशोब हातात नसताना बांधलेली भिंत म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. हा हिशोब गावातली पोरं, सोसायटीतले रिटायर्ड काका, कोणीही मांडू शकतं. कसा ते खाली सगळं लिहितोय, जरा लांब होईल पण वाचा.

आधी पायाखाली काय आहे ते बघा

मुंबईचा किनारा एकसारखा नाहीये. मलबार हिल, वरळी, बांद्रा बँडस्टँड इथे काळा कातळ, दख्खनच्या ज्वालामुखीचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मढ, मनोरी, गोराई, उत्तन बाजूला त्याच काळातला पण वेगळा, फिकट रंगाचा र्‍हायोलाइट-ट्रॅकाइट सापडतो. असा कातळ समुद्रात घुसलेला असतो तिथे टोक तयार होतं (मढचा म्हणजेच वर्सोव्याचा किल्ला, वरळीचा किल्ला बघा, दोन्ही टोकावरच बसवलेत) आणि दोन टोकांच्या मधल्या बाकात वाळू साचून पुळण बनते. तिसरा प्रकार म्हणजे खाड्यांच्या कडेचा चिखल, माहीम, मालाड, मनोरी, ठाणे खाडी, जिथे तिवरं वाढतात. आणि चौथा प्रकार आपण माणसांनी केलेला, भराव. सात बेटं जोडून झालेलं हे शहर आहे, बॅकबेपासून पुढे कितीतरी जमीन मुळात समुद्राचीच.

हे चार प्रकार ओळखता आले की निम्मं काम झालं. कातळ वर्षाला कुठे नखभर झिजणार, तिथे प्रश्न धूप होण्याचा नाही, लाट उडून माणूस ओढला जाण्याचा आहे. चिखलाच्या कडेला भिंत बांधली तर ती रुतणार, तिथे तिवर हाच इलाज. भरावाला संरक्षण द्यावंच लागतं कारण त्याच्याकडे स्वतःचं काहीच नाही. पुळणीचा विषय सगळ्यात नाजूक, कारण पुळण हलते, आणि हलणं हीच तिची ताकद आहे.

कातळ किती खोल आहे ते बघायचं तर सोपं आहे, उधाणाच्या ओहोटीला जाऊन लोखंडी सळई वाळूत ठोकत जा, दर दहा मीटरवर एकदा, आणि टणक कधी लागतं ते लिहून ठेवा. एक-दीड मीटरवर कातळ लागला तर नशीब, उद्या बंधारा झालाच तर त्याचा पाय तिथे टेकवता येतो. आजूबाजूच्या विहिरी खणणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना कागदावरच्या नकाशापेक्षा जास्त माहिती असते.

भरतीचं गणित

मामा कधीच मोबाईल बघत नाही. त्याचा हिशोब साधा, तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण कामाला पुरतं. अमावास्या-पुनवेनंतरच्या दोनेक दिवसांत उधाण, म्हणजे भरती सगळ्यात वर आणि ओहोटी सगळ्यात खाली, आणि अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फारसं चढतही नाही उतरतही नाही.

आता टीव्हीवर सांगतात की आज ४.८ मीटरची भरती, आणि लोक घाबरतात की रस्त्यावर पंधरा फूट पाणी येणार. तसं नाहीये. हा आकडा चार्ट डेटमपासून मोजतात, म्हणजे नकाशावरची जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्या डेटमपासून साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरी पातळीच्या सव्वादोन-अडीच मीटर वर. तुमच्या अंगणाची उंची सरासरी समुद्रपातळीपासून किती, हे एकदा सर्व्हेयरकडून काढून घ्या, सोसायटीने पैसे काढले तर माणशी फार येत नाही, आणि तो आकडा दारावर रंगवून ठेवा. मग दरवर्षी महापालिका पावसाळ्यातल्या साडेचार मीटरवरच्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते, वीसच्या आसपास दिवस असतात, त्यातला कुठला दिवस आपला आणि कुठला नाही ते तुम्हाला घरबसल्या कळेल.

या भरतीवर अजून तीन गोष्टी चढतात. एक, लाट. पावसाळ्यात बाहेर खोल समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा नेहमीच्या. दोन, वादळ. हवेचा दाब एक मिलिबार पडला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर फुगतं, आणि त्याच्या वर वारा उथळ समुद्रात पाणी ढकलत किनाऱ्याला आणतो ते वेगळंच. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या पश्चिमेने समुद्रातून वर गेलं, ते किनाऱ्याला टेकलंही नाही इथे, तरी काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तीन, समुद्राची पातळी हळूहळू चढतेय. १९०१ ते २०१८ मध्ये जगभराची सरासरी सुमारे २० सेंटीमीटर वाढली आणि वेग आता वाढलाय. वीस सेंटीमीटर म्हणजे वीतभर, पण उताराची पुळण वीतभर पाण्याने कितीतरी मीटर मागे सरकते.

आणि भरतीच्या वेळीच ढगफुटीसारखा पाऊस आला तर गटारांचं पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा हेच झालं.

दोन काठ्यांनी पुळण मोजणे

हा भाग नीट वाचा, सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या, बांबू नको, वाकतो, प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप चालतो. त्यावर वरून खाली सेंटीमीटरच्या खुणा करा, शून्य वरच्या टोकाला. दोन मीटरची दोरी दोघांच्या मध्ये. एक माणूस पाण्याच्या बाजूला, एक जमिनीच्या बाजूला. सुरुवात एखाद्या न हलणाऱ्या जागेपासून, विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, क्रॉसचा चौथरा, तिथे ऑइलपेंटने लाल खूण मारा आणि ती कायम ठेवा.

मग काय करायचं, जमिनीकडच्या माणसाने काठी उभी धरून समोरच्या काठीचं वरचं टोक आणि मागे समुद्राची क्षितिजरेषा एका ओळीत आणायची, डोळा खाली-वर करून, आणि ती ओळ आपल्या काठीवर वरून किती सेंटीमीटरवर येते ते वाचायचं. बारा सेंटीमीटर आलं म्हणजे त्या दोन मीटरमध्ये वाळू बारा सेंटीमीटर उतरली. लिहा, दोघेही दोन मीटर पुढे, परत. कधी पुढची जागा उंच असते, तेव्हा मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज बघायचं आणि ओळ पुढच्या काठीला वरून किती खाली कापते ते वाचून चढ म्हणून लिहायचं. असं पाण्यापर्यंत. मी आणि मामाचा मुलगा पहिल्यांदा गेलो तेव्हा दीड तास लागला, आता पस्तीस मिनिटांत होतं. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ही पद्धत मांडली आणि अजूनही जगभर वापरतात.

वेळ कुठली? मामाचं गणित इथे कामाला येतं. अमावास्या-पुनवेला भरती बाराला म्हणजे ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळी तशीच, उजेड असतो, पाणी लांब गेलेलं असतं. अशी ओळ प्रत्येक शंभर मीटरवर एक घ्या, निदान तीन तरी.

आणि वर्षातून कधी? इथे सगळे चुकतात. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात थोडं आत नेतात, तिथे दांडा तयार होतो, त्या दांड्यावर पुढच्या लाटा आधीच फुटतात, म्हणजे किनारा स्वतःच स्वतःसाठी बंधारा घालतो. पाऊस सरला की हलक्या लाटा तीच वाळू परत आणतात, मे पर्यंत पुळण भरते. म्हणून ऑगस्टमध्ये फोटो काढून बातमी दिली की किनारा गेला, तर ती धूप नाही, तो ऋतू आहे. धूप कळते ती या मे ची त्या मे शी तुलना करून. निदान तीन मे पाहिजेत. मे अखेर, ऑक्टोबर अखेर आणि मधे जानेवारीत एकदा मोजा.

गूगल अर्थवर जुनी चित्रं मागे नेऊन बघता येतात, जरूर बघा, पण पाण्याची कड बघून निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक, आणि पुळणीचा उतार ५० ला १ असेल तर पाण्याची कड चार मीटरसाठी २०० मीटर सरकते! एक चित्र ओहोटीचं, दुसरं भरतीचं, झालं, किनारा गायब. त्यापेक्षा मर्यादवेलीची किंवा झाडांची समुद्राकडची कड धरा आणि ती वर्षागणिक सरकली का ते बघा.

हिशोब असा. समजा ३० मीटर रुंदीची पुळण या मे ला त्या मे पेक्षा सरासरी अर्धा मीटर खाली आहे. म्हणजे किनाऱ्याच्या दर मीटरला १५ घनमीटर वाळू गेली. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे मीटरला पाच ब्रासच्या वर, आणि २०० मीटरच्या पुळणीला हजारहून जास्त ब्रास. हा आकडा घेऊन साहेबांसमोर बसलात की बोलणंच बदलतं, कारण सांगतो, ते नेहमी ऐकतात की समुद्र फार आत आलाय साहेब, आणि पुढे कोणाकडे कागद नसतो.

वाळू कुठे गेली

मोजून कळलं की खरंच जातेय, मग चोर शोधा. लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या बाजूबाजूने सरकत असते. मध्ये कोणी जेट्टी, भराव, दगडी आडवी भिंत घातली तर एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूला उपाशी राहते. तुमच्या टोकापासून दोन-तीन किलोमीटर दोन्हीकडे चाला आणि बघा कुठे अचानक जास्त साचलीय. रात्री डंपर येतात का तेही बघा, किनाऱ्यावरून वाळू काढायला सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, बंदी आहे तरी काढतात. आणि सफाई. हे बोललं की लोकांना राग येतो, पण जेसीबीने प्लास्टिक गोळा करताना अर्धी बादली वाळू जाते, हजार फेऱ्यांत किती गेली विचार करा. कचरा हाताने किंवा चाळून उचला, वाळू तिथेच झटका.

गटाराचं तोंड पुळणीवर उघडत असेल तर तिथे दर पावसात घळ पडते. ते तोंड कातळाकडे वळवता आलं तर तो वॉर्ड ऑफिसचा छोटा खर्च आहे.

भिंतीच्या आधीचे इलाज

वाळूच्या वरच्या भागात, उधाणाची रेषा जिथपर्यंत येते त्याच्या वर, मर्यादवेल लावा. जांभळी फुलं येतात, वेल वाळूवर पसरते आणि प्रत्येक गाठीला मूळ धरते. नारळाच्या झावळ्यांचं कुंपण घाला, गुडघाभर उंच, पण पूर्ण बंद नको, अर्ध्याच्या आसपास फट ठेवा, मग वारा मंदावतो आणि वाळू तिथेच पडते, बंद कुंपण असेल तर उलट कुंपणाखालूनच उकरतं. दोन हंगामात कुंपण पुरलं जातं, त्याच्या वर दुसरं. माणसांसाठी, बाइकसाठी एकच वाट ठेवा, बाकी बंद. सुरूची झाडं सरकारी लावणीत असतात, वाऱ्याला बरी, पण धूप चालू झाली की मुळासकट आडवी होतात आणि खाली वेल वाढू देत नाहीत, त्यामुळे पहिल्या ओळीत मी सुरू लावणार नाही.

खाडीच्या कडेला तिवर, कांदळ, चिपी. इथे एकच विनंती, उघड्या पुळणीवर आणि जिथे कधीच कांदळवन नव्हतं तिथे रोपं टोचू नका, मरतात, फोटो राहतात. आधी बघा पाणी येण्या-जाण्याची वाट भरावाने बुजलीय का, ती मोकळी केली तर तिवर आपणहून येतं. आणि तोड दिसली तर कांदळवन कक्षाला कळवा, उच्च न्यायालयाने २००५ मध्येच तोडीवर बंदी घातलेली आहे.

बंधारा घालायचाच झाला तर

कधीकधी इलाज नसतो, घरं पाण्यापासून दहा मीटरवर आहेत, वाळू परत येत नाहीये. मग धूपप्रतिबंधक बंधारा. परवानगीशिवाय एक दगडही टाकू नका, सीआरझेड २०१९ च्या नियमांखाली महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून मंजुरी लागते, आणि उपनगरात अशी बरीच कामं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड करतं. मोठ्या कामाचा लाटांचा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान केंद्रात होतो, १९१६ पासूनची संस्था आहे. तुम्ही तुमची मोजणी अर्जाला जोडा.

आता डिझाइन तुम्ही करणार नाही, पण काय तपासायचं ते कळलं पाहिजे.

दगडाचं वजन. पायथ्याशी भरतीला जेवढं पाणी, त्याच्या पाऊणपटाहून जरा जास्त उंचीची लाट तिथे फुटू शकते. अडीच मीटर पाणी म्हणजे लाट साधारण दोन मीटर. २ ला १ उतार आणि चांगला काळा दगड धरला तर हडसनच्या सूत्राने वरच्या थराचा दगड सुमारे एक टनाचा लागतो, म्हणजे प्रत्येक बाजू सत्तर सेंटीमीटर. गंमत बघा, वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. एक मीटरच्या लाटेला सव्वाशे-दीडशे किलो पुरतात, तीन मीटरला साडेतीन टन. म्हणून वाळू खरवडून पायथा एक मीटर खोल झाला की तोच दगड कमी पडायला लागतो. साइटवर टेप घेऊन जा आणि दगड मोजा. मरीन ड्राइव्हला टेट्रापॉड (चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) का आहेत तर एवढा मोठा नैसर्गिक दगड आणणं अवघड, आणि चार पाय एकमेकांत अडकतात, फटीत पाण्याचा जोर मरतो.

थर. मामाच्या भिंतीत नेमका हाच राहिला होता. सगळ्यात आत वाळूवर जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, वाळू अडवतं), त्यावर लहान दगड, त्यावर वरच्या दगडाच्या साधारण एक दशांश वजनाचा थर, आणि वर मोठा दगड किमान दोन थर. कापड नसेल तर प्रत्येक लाट मागची वाळू शोषून घेते, माझ्या बोटांमधून गेली तशीच. कापड अंथरताना दोन पट्ट्या एकमेकांवर किती चढवल्यात ते बघा, आणि वरून दगड उंचावरून टाकून फाडत तर नाहीत ना. आमच्याकडे एस्टिमेटमध्ये कापड होतं, जमिनीत नव्हतं. झाकल्यावर कोणाला दिसत नाही, म्हणून झाकण्याच्या दिवशीच गावाचा माणूस तिथे पाहिजे, मोबाईलवर तारीख-वेळेसकट फोटो काढत.

पायथा. उभी सपाट काँक्रीटची भिंत लाट परत फेकते आणि पायथ्याची वाळू खणते, म्हणून समोरची पुळण जाते. उताराचे, खडबडीत, फटींचे दगड लाट पिऊन टाकतात. पायथा कातळात किंवा निदान खरवडीच्या खोलीखाली गेलेला पाहिजे.

टोकं. बंधारा जिथे संपतो तिथे लाट वळून मागे घुसते आणि शेजाऱ्याची जमीन खाते. टोक कातळाला नेऊन टेकवा किंवा जमिनीकडे वळवून आत घ्या. आणि शेजारच्या वाडीला आधी सांगा, भांडण नंतर परवडत नाही. होड्या ओढायला वाट सोडलीय का, मासळी सुकवायच्या जागेवर दगड येतायत का, हे कोळणींना विचारल्याशिवाय नकाशावर सही करू नका. तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, तार गंजते आणि दगड सुटे.

त्या दिवशी

हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे आणि लांबून येणाऱ्या फुगवट्याचे इशारे देते, आणि वादळाचा इशारा हवामान खातं देतं. दोन्ही बघा, कारण फुगवटा आकाश स्वच्छ असतानाही येतो. भरतीच्या दीड तास आधी होड्या वर, गॅस सिलिंडर बांधून, म्हातारी माणसं आणि औषधं वरच्या मजल्यावर, लाइटचा मेन बंद. कातळावर सेल्फीला गेलेल्यांना शिव्या देऊन आणा, ओल्या कातळावर पाय सटकतो आणि सातवी-आठवी लाट मोठी निघते की काय याचा काही नेम नसतो. पालिकेचा आपत्ती नंबर १९१६.

पाणी ओसरल्यावर घर आवरायच्या आधी भिंतीवर पाण्याची ओली रेघ दिसते तिथे पेन्सिलने खूण आणि तारीख. दहा मिनिटांचं काम आहे, वर्षभराने तीच रेघ तुमचा पुरावा असते.

आमच्याकडे पुढची मोजणी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आहे, सहाला पाणी लांब असेल. रात्रीचं जागरण करून थेट पुळणीवर जायचं ठरलंय, चहाचा थर्मास मामी देणार, पाइप माझ्याकडे आहेत, लाल खुणेला परत एक हात पेंट मारायचाय.